भैरोबापुढे ड्रॉप स्कोन

माझ्या सासूबाईंचा चाळीस वर्षांचा नवस मी एका अंड्यानं मोडला. अंडंसुद्धा उसनं आणलेलं होतं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. (आता एकाहत्तरावं चालू आहे, त्यामुळे अठ्ठावन्नची बाई मला कॉलेजकुमारीच वाटते.) त्या वयात माणसाला जेवढी अक्कल असायला हवी तेवढी माझ्याकडे होती, पण मी ती मुलाच्या बायकोच्या बाळंतपणासाठी तीन महिने स्कॉटलंडला घेऊन गेले आणि परत येताना बहुधा विमानतळावरच्या त्या निळ्या ट्रेमध्ये विसरून आले. चपला उचलल्या, बांगड्या उचलल्या, अक्कल तशीच पुढं गेली.

तिकडं मुलाच्या शेजारी मार्गारेट नावाची एक म्हातारी राहायची. ती दर शनिवारी ड्रॉप स्कोन करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : मैदा, दूध, साखर, बेकिंग पावडर आणि अंडं यांचं दाटसर पीठ कालवायचं, जाड लोखंडी तवा तापवून त्याला लोण्याचं बोट लावायचं, आणि चमच्यानं पिठाचे छोटे छोटे गोल सोडायचे. वर बुडबुडे आले की उलटायचे. तळहाताएवढे, फुगलेले, गालासारखे मऊ. उतरवले की लगेच स्वच्छ कापडात गुंडाळायचे, म्हणजे मऊ राहतात. लोणी आणि जाम लावून खायचे. बस्स, एवढंच. आमच्या इस्लामपूरकडच्या कुठल्याही बाईनं बघितलं असतं तर ती म्हणाली असती, "आगं, ह्ये तर धिरडं! पोटुशी धिरडं!"

पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "लव्हली!"

आणि गावात परत आल्यावर मी सहा महिने लव्हलीच म्हणत होते. मेथीची जुडी लव्हली, म्हशीचं रेडकू लव्हली, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला गेले आणि पिंडाला कावळा शिवल्यावर तोंडातून गेलंच! चहाचं दूध वेगळ्या भांड्यात ठेवायला लागले. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या सासूबाईंना जेवताना मांडीवर टाकायला रुमाल दिला. त्यांनी त्याला नाक पुसून परत दिला.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आत्ती ऐंशीच्या पुढच्या, शिडशिडीत, आणि पायाला भिंगरी. त्यांच्या नवसाची गोष्ट अशी. आमचे हे सैन्यात होते. (सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव अजून सुभेदारच म्हणतं, मीही रागात असले की तेच म्हणते.) आमचं लग्न नुकतंच झालेलं असताना सरहद्दीवर गडबड सुरू झाली आणि दोन महिने ह्यांचं पत्र आलं नाही. तेव्हा आत्ती भैरोबाच्या पायरीवर डोकं टेकून म्हणाल्या, "माजं प्वार धडधाकट घरी येऊ दे. मी जल्मात मटणाला आन् अंड्याला शिवनार न्हाई."

हे बोलणाऱ्या बाईची योग्यता लक्षात घ्या. अख्ख्या भावकीत आत्तींसारखं मटण खाणारं माणूस नव्हतं. नळी फोडून ती चोखतानाचा त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा म्हणतात. त्या सिंहिणीनं गवतावर राहायचं कबूल केलं! मुलगा परत आला, धडधाकट आला. आणि आत्तींनी चाळीस वर्षं शब्द पाळला. घरात रविवारी मटण व्हायचं ते मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. आत्ती वाऱ्याच्या उलट्या बाजूला तोंड करून बसायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "सुमे, खोबरं करपाय लागलंय!" स्वयंपाकघरातल्या त्यांच्या भांड्यांना, आणि विशेषतः त्यांच्या काळ्याभोर बिडाच्या तव्याला, अंड्याचं नावसुद्धा ऐकू जाऊ द्यायचं नाही, असा नियम होता.

आणि आता तो दिवस.

ह्यांना हर्निया झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ऑपरेशन लगेच करून घ्या, आतडं अडकलं तर जिवाशी खेळ होईल. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलं. गुरुवारी सकाळी आत्ती मुलाच्या ऑपरेशनसाठी देवाला सांगायला म्हणून भैरोबाला गेल्या. तिथून त्या खालच्या आळीला कुणाचं तरी बाळ बघायला जाणार होत्या. म्हणजे दोन तासांची निश्चिंती.

सुभेदार कॉटवर पडल्या पडल्या म्हणाले, "उद्या पोटावर सुरी चालणार. आज काहीतरी चांगलं खायला घाल."

"शिरा करू?"

"शिरा नको. ते मार्गारेटबाईचं कर. ते गोल गोल."

"त्याला अंडं लागतं."

"मग घाल की."

"आत्तींच्या स्वयंपाकघरात? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"फाशी जाणाऱ्याची पण शेवटची इच्छा विचारतात," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

वास्तविक मी पडवीत जाऊन, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या तव्यावर हे करायला हवं होतं. पण पडवीतला तवा भाकरीचा, पत्र्यासारखा पातळ. त्यावर पीठ सोडलं की मधे कोळसा आणि कडेला खीर! विलायतेहून मी एक नॉनस्टिक तवा आणला होता, पण तो आत्तींनी राख आणि काथ्या घेऊन असा लख्ख घासला होता, की आता त्याला पाणीसुद्धा चिकटत होतं. राहता राहिला तो आत्तींचा बिडाचा तवा. जाड, जड, गुळगुळीत. अगदी मार्गारेटच्या तव्याचा सख्खा भाऊ.

मी ठरवलं, अंड्याशिवाय करायचं. म्हणजे तवाही वाचला आणि धर्मही वाचला. अंड्याच्या जागी खाण्याचा सोडा जरा सढळ हातानं घालायचा. (ही माझी स्वतःची अक्कल. उरलेली.)

पहिला घाणा उतरवला. रंग हळदीसारखा पिवळा, वास धुण्याच्या साबणासारखा, आणि चव दोन्हीच्या मधली. सुभेदारांनी एक घास घेतला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी ती सगळी रास म्हशीपुढे टाकली. म्हशीनं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि तीही भिंतीकडे वळली.

एवढा अपमान सहन करून गप्प बसेल ती मी नव्हे. स्कॉटलंडला जाऊन आलेली बाई मी! भिंतीपलीकडे मुमताजभाभींचं घर. त्यांच्या कोंबड्या होत्या.

"मुमताजभाभी, ओ मुमताजभाभी! एक अंडं देता का?"

मुमताजभाभी भिंतीवरून डोकावल्या. "दोन घ्या की वैनी. आजच घातल्याली हाईत."

"नको, एकच. पाप कमी लागेल."

"कुनाचं पाप? म्हातारी घरात न्हाई वाटतं?"

"हळू बोला!"

"या अल्ला," असं म्हणून मुमताजभाभींनी अंडं माझ्या पदरात टाकलं आणि जाता जाता म्हणाल्या, "टरफालं हिकडंच फेका. पन माजं नाव घ्यायचं न्हाई बगा."

पंधरा मिनिटांत टोपलीभर ड्रॉप स्कोन तयार झाले. एका अंड्यानं काय फरक पडतो सांगू! सोनेरी, टम्म फुगलेले, कडेला जराशी जाळी. मी ते पांढऱ्या पंच्यात गुंडाळत होते, शेवटचे चार अजून तव्यावर होते, तोच मागून आवाज आला.

"सुमे, माजा तवा का काढलास?"

आत्ती दारात उभ्या. खालच्या आळीतलं बाळ झोपलेलं होतं, म्हणून बाई परत आल्या होत्या. (लोकांची बाळं झोपत नाहीत म्हणून घरं उद्ध्वस्त होतात, माझं घर बाळ झोपलं म्हणून!)

"आत्ती, तुमच्या तव्यासारखा तवा अख्ख्या विलायतेत नाही बघा," मी म्हटलं.

"त्ये मला बी ठावं हाय. ह्ये काय केलंयास?"

"ड्रॉप स्कोन."

"काय काय घाटलंयास त्यात?"

"मैदा, दूध, साखर, चिमूटभर मीठ."

(चारही गोष्टी खऱ्या होत्या.)

"म्हंजी देवाला चालतंय की."

इथं थांबायला हवं होतं. इथं तोंड उघडून "नाही आत्ती, यात अंडं आहे" एवढे पाच शब्द बोलले असते, तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या, तवा चिंचेनं घासून दिला असता, आणि विषय मिटला असता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आतून आलं ते, "हो, पण परदेशी पदार्थ आहे ना आत्ती, देवाला कसा चालेल?"

"देवाला काय पासपोरट लागतोय व्हय? माज्या लेकाचं उद्या आपरेशन. तव्यावरचं पयलं ग्वाड देवाला न्हाई दाखवायचं, तर कुनाला, तुज्या मार्गीला?"

त्यांनी पाच स्कोन ताटलीत घेतले, वर तुळशीचं पान ठेवलं आणि देवघरापुढे नेऊन दाखवलेसुद्धा. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. घरच्या देवांची मी मनातल्या मनात माफी मागत होते, तेवढ्यात आत्तींनी प्रसाद म्हणून एक उचलला.

"आत्ती!"

"काय गं?"

"गरम आहे."

"आसू दे," म्हणाल्या आणि अर्धा तोंडात टाकला.

चाळीस वर्षं! माझ्या डोळ्यांदेखत, दोन दातांत, चाळीस वर्षं संपली. आत्ती चावत होत्या. सावकाश. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेल्या! पण त्या पुटपुटल्या, "लय मऊ झालंय गं. लय ग्वाड. आन् ह्येला कसली तरी चव हाय... वळखीची चव हाय बग."

मी विचारलं, "कशाची हो?"

"आठवंना. लय जुनी वळख हाय. जिभंवर आलीया पन नाव येत न्हाई." आणि आठवावं म्हणून त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा घेतला.

सुभेदार कॉटवरून उठून बसले होते. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलं : काहीतरी बोला! ते पुटपुटले, "मी? उद्या माझं ऑपरेशन आहे." आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. युद्धात पुढं गेलेला माणूस!

मी त्यांच्याशी पांघरुणातून भांडत होते तेवढ्यात स्वयंपाकघर रिकामं झालं. आत्ती नाहीत. पंचा नाही. टोपली नाही. अंगणातून मुमताजभाभी ओरडल्या, "वैनी, म्हातारी टोपली घेऊन देवळाकडं चालली की ओ!"

ज्या भैरोबाला अंडं न खाण्याचा शब्द दिला होता, त्याच भैरोबाला आत्ती अंड्याचे ड्रॉप स्कोन द्यायला निघाल्या होत्या!

मी विलायतेहून आणलेले पांढरे बूट घातले आणि पळत सुटले. ऐंशी वर्षांची म्हातारी पुढे आणि अठ्ठावन्न वर्षांची मी मागे, आणि आमच्यातलं अंतर वाढत चाललेलं! रस्त्यात जो तो विचारतोय, "सुमनवैनी, काय झालं? सुभेदार बरं हाईत न्हवं?" मी धापा टाकत हात हलवतेय. त्या हातावरून अर्ध्या गावानं सुभेदार गेले अशी समजूत करून घेतली, हे मला संध्याकाळी दारात बायका जमल्या तेव्हा कळलं.

देवळात पोचले तर गुरवमामांनी टोपली देवापुढे ठेवलेली. आणि नुसती ठेवलेली नाही. आत्तींनी त्यांना कौल लावायला सांगितला होता.

आमच्याकडे कौल असा लावतात : देवाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं होय, डावी पडली तर नाही. मी स्वतः या गोष्टीला मानत नाही असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगत असे. विशेषतः स्कॉटलंडहून आल्यापासून.

गुरवमामा म्हणाले, "देवा भैरोबा, लेकाचं उद्या मिरजंला आपरेशन हाय. सुकानं पार पडंल का न्हाई, त्ये सांग."

आत्ती हात जोडून उभ्या. मी त्यांच्या मागे. मी खरं बोलायला म्हणून आले होते, देवाशपथ. पण कौल लागलेला असताना कुणी मधे बोलायचं नसतं. (बघा, न मानणाऱ्या माणसालाही नियम पाठ असतात.) गाभाऱ्यात एक माशी गुणगुणत होती. ती स्कोनवर बसली. उठली. पुन्हा बसली. तिला आवडले असावेत. पाकळ्या हलेनात. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला तो थेट बुटात उतरला.

आणि डावी पाकळी पडली.

आत्तींचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. दोन महिने पत्र आलं नव्हतं तेव्हाही नाही. गुरवमामा हलक्या आवाजात म्हणाले, "आत्याबाई, देवाच्या सेवंत काय तरी चुकलंय. घरात कुनाचं काय चुकलंय का, बगा आठवून."

"माजं न्हाई," आत्ती म्हणाल्या. "चाळीस वरसं एक दिस चुकले न्हाई मी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमे, उद्या त्येला मिरजंला न्यायचं न्हाई."

"अहो आत्ती! डॉक्टरांनी सांगितलंय, आतडं अडकलं तर..."

"डाक्तर मोठा का भैरोबा मोठा? मी म्हंते न्यायचं न्हाई! मी दारात आडवी पडंन. माज्या अंगावरनं जावा मग."

आणि त्या आडव्या पडल्या असत्या. त्यांचा शब्द मी चाळीस वर्षं पाहत होते.

आता काय करायचं? खरं सांगितलं, तर आत्तींना कळणार, की आपला नवस मोडलाय, तोही मुलाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्या ह्यांना कॉटवरून उठूसुद्धा देणार नाहीत. नाही सांगितलं, तरी ऑपरेशन बंद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी माझंच! आणि खरं सांगू? तोवर मलाही भीती वाटायला लागली होती. त्या पडलेल्या पाकळीकडे बघून मला ह्यांचा पांघरुणातला चेहरा आठवत होता. लव्हली-बिवली सगळं विमानानं परत गेलं आणि वाळवा तालुक्यातली सुमन तेवढी उरली.

मी पुढं झाले, डोकं पायरीवर टेकलं आणि मनातल्या मनात बोलले, "देवा, आत्तींची काही चूक नाही. अंडं मी घातलं. खोटं मी बोलले. त्यांचा नवस आजपासून माझ्या डोक्यावर घे. मी जन्मात मटणाला शिवणार नाही, अंड्याला शिवणार नाही." आणि घाबरलेला माणूस बाजारात जसा भाव वाढवत जातो तशी मी पुढं बोलतच गेले, "मासे खाणार नाही, सुकट खाणार नाही, बोंबील नाही, वाटल्यास रस्सासुद्धा नाही! पण ह्यांना सुखरूप ठेव."

मग उठून म्हटलं, "गुरवमामा, पुन्हा एकदा लावा."

"पुन्यांदा लावत न्हाईत वैनी."

"एकदा. माझ्यासाठी. मी आत्ता देवाशी बोललेय."

त्यांनी आत्तींकडे पाहिलं. आत्तींनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मान हलवली. पाकळ्या पुन्हा लागल्या. गुरवमामा प्रश्न पुरा करायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. इतकी पटकन, की मला वाटलं, देवाला रश्श्यापर्यंत थांबायचं होतं काय?

वाटेत आत्तींनी एकच विचारलं, "काय बोललीस देवाला?"

"काही नाही. असंच."

"हं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला ह्यांना आत घेतलं. आत्ती आणि मी बाहेरच्या बाकावर. पाऊण तास लागेल म्हणाले होते. तास झाला. मग एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "जरा बीपी वाढलंय, अजून सुरू केलं नाही, थांबा." म्हणजे देवानं नवस स्वीकारला नाही? काही विसरलं का? खेकडे! खेकड्यांचं काहीच बोलले नव्हते! मी बाकावरच डोळे मिटले आणि खेकडेही देऊन टाकले. आत्ती शेजारी ताठ बसलेल्या, पदराचं टोक मुठीत आवळलेलं, ओठ हलताहेत. त्या दोन तासांत माझं वय अठ्ठावन्नाचं एकोणसाठ झालं असावं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "झालं छान. सुभेदार आत नर्सला विचारतायत, नाश्त्याला काय आहे म्हणून."

आत्तींनी पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसलं, पदर नीट केला, आणि माझ्याकडे वळल्या. "आता सांग. काल देवाला काय बोलली व्हतीस?"

मी सगळं सांगितलं. सोडा, म्हैस, अंडं, तवा, पायरीवरचा नवस, बाकावरचे खेकडे. मुमताजभाभींचं नाव तेवढं घेतलं नाही. बोलता बोलता रडायलाच लागले. साठीला आलेली बाई, दवाखान्याच्या बाकावर, सासूपुढे हुंदके देऊन रडतेय! येणारे-जाणारे हळहळून बघत होते. एका बाईनं तर माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

मी म्हटलं, आता आत्ती मला ह्याच दवाखान्यात भरती करणार.

मग एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली. "अंडं! आगं, अंड्याची चव ती! रातभर आठवत व्हते, आठवंना! म्हंजी तीन खाल्ली मी?"

"तीन, आत्ती. माझं चुकलं. पदर पसरते..."

"थांब. पदर ऱ्हाऊ दे." आत्तींचे डोळे बारीक झाले. "तू देवाला काय म्हनलीस? माजा नवस तुज्या डोक्यावर?"

"हो."

"नीट सांग. समदा?"

"सगळा."

"आन् मंग उजवी पडली."

"हो. लगेच."

"म्हंजी देवाला मंजूर हाय."

"तसंच असावं."

आत्ती बाकावर माझ्याकडे सरकल्या. चाळीस वर्षं वाऱ्याच्या उलट्या बाजूला तोंड करून बसलेली बाई. मग अगदी हळू, लाजल्यासारख्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज वार कोन्ता गं?"

"शुक्रवार."

"मंग परवा आयतवार. अर्धा किलो आन. आन् नळी मला."

मी म्हटलं, "आत्ती, पण तुमचा नवस!"

"माजा कुठला? आता तुजा हाय त्यो. नवस एकच, मानूस एकच. दोगींनी पाळाय काय त्यो सन हाय व्हय?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पन सुमे, मासं, सुकट, खेकडं कशाला गं सांगितलंस? मी कवा बोलले न्हवते त्ये! नवस बोलताना मानसानं डोस्कं ठिकानावर ठेवावं."

रविवारी मी मटण केलं. पडवीत नव्हे, स्वयंपाकघरात. आत्ती मध्ये बसल्या, सुभेदार शेजारी, आणि मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला पिठलं-भाकरी घेऊन. चाळीस वर्षांनी आमच्या घरात नळी चोखल्याचा तो आवाज झाला. भिंतीपलीकडून मुमताजभाभींनी विचारलं, "वैनी, पंप चालू क्येलाय काय?"

त्यानंतर आत्ती नऊ वर्षं जगल्या आणि एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. शनिवारी ड्रॉप स्कोन, रविवारी मटण. "लेकापायी सोडलं व्हतं, सुनंनं परत आनून दिलं," असं त्या गावभर सांगायच्या. बायका मला म्हणायच्या, काय तुमचं सासूवर प्रेम! मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. आत्तींनी लढाईसाठी जेवढं सोडलं होतं, त्याच्या दुप्पट मी हर्नियासाठी सोडून बसले होते, हे कुणाला सांगणार?

मी ते पाळलं मात्र. आजही पाळते. स्कॉटलंडची नात सुट्टीत आली की मी तिला त्याच बिडाच्या तव्यावर ड्रॉप स्कोन करून घालते. पीठ कसं झालंय ते चमच्यावरून ओळखते, आणि चव तिच्या तोंडावरून.

गेल्या महिन्यात मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुभेदारांच्या दुसऱ्या बाजूलाही हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल. घरी येताना गाडीत हे मला मिस्कीलपणे विचारतात, "मग सुमन, या वेळी देवाला काय देणार?"

मी खूप विचार केला. माझ्याकडे सोडण्यासारखं आता एकच उरलंय, खोटं बोलणं. पण एवढा मोठा नवस मला झेपायचा नाही. म्हणून या वेळी नवस न बोलता ह्यांनाच जरा धीर धरायला सांगितलंय.